विसरभोळे आणि पुटपुटे

विसरभोळ्यांना सगळं आठवायचं. शाळेत मार खाल्ला त्या दिवशी मास्तरांच्या कोटाचं कितवं बटण तुटलेलं होतं, हे आठवायचं. धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांचे दहा वर्षांपूर्वीचे नंबर आठवायचे. कंपनीची अकरा नाटकं त्यांना पाठ होती, आणि पाठ म्हणजे नुसतं स्वतःचं काम नव्हे, सगळ्या पात्रांची कामं, बाईसाहेबांच्या उसाशांसकट. आणि हाच माणूस साऱ्या शहरात प्रसिद्ध होता तो पहिल्या नंबरचा विसराळू म्हणून. त्यांचं खरं नाव जाहिरातीतसुद्धा कुणी छापत नसे. 'विसरभोळे यांचे विनोदी काम' एवढं छापलं की तिकीटखिडकीवर रांग लागायची.

हे सोंग त्यांनी सव्वीस वर्षं वागवलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. विसरभोळ्यांचा अनुभव असा की विसरण्याचं सोंग त्याहून अवघड. आठवत असलेली गोष्ट रोज उठून विसरायची म्हणजे ती आधी नीट लक्षात ठेवावी लागते.

त्यांच्या वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. मुलगा गल्ल्याशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या नकला करायचा, आणि हसता हसता गिऱ्हाईक किल्ली तिथेच ठेवून जायचं. वडील म्हणाले, "तू नाटकातच जा बाबा, इथे राहिलास तर अर्धं शहर घराबाहेर राहील." एकोणिसाव्या वर्षी ते कंपनीत आले. बुटका, गोल बांधा, आणि दोन भुवया अशा की एक वर गेली तरी दुसरीला पत्ता लागू नये. पहिल्या महिन्यातच मालकांनी ओळखलं की हा पोरगा नुसता दार उघडून आत आला तरी लोक हसतात.

आपलं मन मुलींकडे जात नाही, हे त्यांना पंधराव्या वर्षापासून ठाऊक होतं. त्याचं पुढे काय होतं हे मात्र त्यांनी बाविसाव्या वर्षी पाहिलं. कंपनीत एक व्हायोलिनवाला आणि एक बासरीवाला एकाच खोलीत राहायचे. कुणीतरी दाराच्या फटीतून डोकावलं. भर दुपारी जेवायच्या वेळी दोघांच्या ट्रंका रस्त्यावर आल्या, व्हायोलिनची पेटी त्यावर फेकली गेली, आणि ज्यांच्या सुरावर कंपनी रोज नाचायची त्या दोघांकडे पाठ करून कंपनी अंगणात उभी राहिली. विसरभोळेही उभे होते. तेही काही बोलले नाहीत. त्यांच्या स्मरणशक्तीत जे जे साठलं होतं त्यात ही एक दुपार सर्वांत वजनदार होती.

त्यानंतर चार वर्षांनी कंपनीत नवा प्रॉम्प्टर आला.

त्या थिएटरात रंगमंचाच्या पुढच्या कडेला बरोबर मध्यभागी एक चौकोनी खड्डा होता. आत एक खुर्ची, एक दिवा, आणि प्रेक्षकांना काही दिसू नये म्हणून त्यांच्या बाजूने लाकडी झाकण. सगळे त्याला खोका म्हणायचे. खोक्यात बसून प्रॉम्प्टरनं वहीतलं वाचत जायचं, कुणी अडला की त्याच्या कानी वाक्य घालायचं. नवा प्रॉम्प्टर आधी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. शेलाटा, चष्मेवाला, आणि आवाज असा की ज्याच्याकडे पाठवायचा त्यालाच ऐकू जावा, शेजारच्याला नाही. कंपनीनं आठवड्याभरात त्यांचं नाव पुटपुटे ठेवलं.

पहिल्या खेळाला विसरभोळे म्हाताऱ्या नोकराच्या वेषात दिवा घेऊन आले. वाक्य साधं होतं: "मालकीणबाई, हा दिवा कुठे ठेवू?" पण बोलण्याआधी सहज खाली नजर गेली, आणि खोक्यातून चष्म्याआडचे दोन डोळे त्यांच्याकडे वर बघत होते. विसरभोळ्यांच्या डोक्यातून वाक्य उडालं. दिवा उडाला, मालकीणबाई उडाल्या, स्वतःचं नावही उडालं. आयुष्यात पहिल्यांदाच ते खरोखर विसरले. खालून वाक्य आलं. त्यांना ऐकू आलं ते वाक्य नाही, नुसता आवाज. ते वाकून म्हणाले, "काय?" वाक्य पुन्हा आलं. ते गुडघ्यांवर बसले आणि दिवा खोक्यात धरून म्हणाले, "पुन्हा सांगता का?" थिएटर हसून हसून आडवं झालं. मधल्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीसकट मागे कलंडला.

खेळ संपल्यावर विसरभोळे मान खाली घालून मालकांपुढे उभे राहिले. मालक म्हणाले, "रोज विसरायचं. इथेच. आणि तीनदा विचारायचं."

बोलाफुलाला गाठ पडली ती अशी. मालकांनी पुढे आपणहून हुकूम काढला की या माणसाची स्मरणशक्ती नाटकाबाहेरही भरवशाची दिसत नाही, तेव्हा प्रॉम्प्टरनं त्याच्याबरोबरच राहावं आणि कामं पाठ करून घ्यावीत. मग कुणाची ना असायचं कारणच उरलं नाही. घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्या कंपनीनंच घेऊन दिल्या.

मग मात्र विसरभोळ्यांनी विसरायला मनापासून सुरुवात केली. दुकानात छत्री विसरायची, टोपी उलटी घालायची, शेजाऱ्याच्या दाराला स्वतःची किल्ली लावायची. जितके ते विसराळू, तितकी पुटपुट्यांची गरज मोठी, आणि जितकी गरज मोठी, तितके त्या दोन खोल्यांकडे बघणारे डोळे कमी. बाहेर ते एकमेकांना अहो-जाहो करायचे. जिना चढून दार लावलं की पुटपुटे चष्मा पुसत म्हणायचे, "आजची धरून सहा छत्र्या झाल्या. थोडं स्वस्तातलं काहीतरी विसरत जा ना."

"रुमाल विसरून नाव होत नाही," विसरभोळे म्हणायचे आणि स्टोव्ह पेटवायचे.

चहा विसरभोळे करायचे, भाजी पुटपुटे चिरायचे, आणि तीही अशी की प्रत्येक फोड दुसरीशी जुळली पाहिजे, छापखान्याची सवय. मागच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा, त्यात दोन खुर्च्या मावायच्या. खालून घड्याळांची टिकटिक यायची आणि बाराच्या सुमारास सगळी मिळून असा दंगा करायची की दोघं बोलणं थांबवून नुसतं एकमेकांकडे बघत बसायचे. विसरभोळे सुखी होते, हे सांगायला आडपडदा कशाला? लपूनछपून का होईना, भरपूर सुखी होते.

थोरली बहीण दर वर्षी लग्नाचा विषय घेऊन यायची. एका वर्षी तिनं मुलीकडे भेटच ठरवली. संध्याकाळी विसरभोळे घामाघूम होऊन बहिणीकडे हजर. "ताई, चार तास फिरलो, पत्ताच विसरलो बघ." पुढच्या वर्षी पत्ता कागदावर लिहून दिला, तर कागद विसरला. तिसऱ्या वर्षी बहीण स्वतः घेऊन गेली, तर मुलीच्या आईला पाहून म्हणाले, "हीच का मुलगी?" बहिणीनं कपाळाला हात लावला. त्यांना खोलीवर सोडून जाताना पुटपुट्यांना म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून हा माणसात आहे हो. सांभाळा त्याला." पुटपुटे म्हणाले, "सांभाळतो." आणि हे त्यांनी इतकं गंभीरपणे म्हटलं की विसरभोळ्यांना आतल्या खोलीत जाऊन खिडकीबाहेर बघत उभं राहावं लागलं.

रोज वाचून वाचून पुटपुट्यांचा घसा बसायचा. म्हणून विसरभोळ्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात घशाच्या गोळ्यांची डबी असायची, आणि पहिला अंक संपला की ती खोक्यात जायची. हा क्रम कधी चुकला नाही.

सव्वीस वर्षं अशी गेली. मालक थकून घरी बसले आणि त्यांचा पुतण्या मॅनेजर झाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला शिस्तीचं फार वेड. त्याने आल्या आल्या पडद्याच्या दोऱ्या मोजल्या, खुर्च्यांना नंबर घातले, आणि खोक्याकडे बघून विचारलं, "ही जागा अडवून काय ठेवलीय?" विसरभोळ्यांसाठी, असं सगळ्यांनी सांगितलं. तेवढ्यावर ते तेव्हा मिटलं.

आणि मग गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली.

पाणी थेट वह्यांच्या कपाटात. दिव्याच्या त्याच जुन्या नाटकाची एकमेव वही शाईच्या लगद्यासारखी हातात आली. रविवारी दुपारी खेळ, आणि नायकाचं काम करणारा मुलगा नुकताच कंपनीत आलेला. त्याला पहिला अंकसुद्धा धड पाठ नव्हता. सगळे तालमीच्या खोलीत गोळा झाले. पुटपुटे कोरी वही घेऊन बसले, दोन पानं लिहिली आणि अडकले. उभा जन्म बघून वाचण्यात गेलेला माणूस. समोर कागद नाही म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. चष्मा काढून ते हताश होऊन बसून राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

विसरभोळ्यांना ते बघवेना. "लिहा," ते म्हणाले. "मालकीणबाई खिडकीशी जाते. म्हणते, वारा पडलाय वाटतं. मग डॉक्टर..." आणि ते सांगत सुटले. नायक, नायिका, डॉक्टर, सावकार, पोस्टमन, कुठे कोण उठतो, कुठे कोण शिंकतो. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर पुटपुट्यांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तिसऱ्या अंकाला दुसऱ्यांदा दिला, चांगला जोरात. विसरभोळ्यांना समजलंच नाही. त्या चेहऱ्यावरची नामुष्की पुसायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पडदा पडला, वही पुरी झाली, आणि त्यांनी मान वर केली तर सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"कमाल आहे," पुतण्या हळूच म्हणाला. "स्वतःची टोपी ज्याला आठवत नाही त्याला तीन अंक आठवतात."

विसरभोळ्यांची पाचावर धारण बसली. पुतण्याला त्यातलं दुसरं काही सुचलं नव्हतं. त्याला सुचली ती काटकसर. खोका बुजवायचा, तिथे नटांवर उजेड टाकणारे पायदिवे लावायचे, आणि पुटपुट्यांना कंपनीच्या दुसऱ्या शाखेत पाठवायचं, आगगाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर. "रविवारचा खेळ प्रॉम्प्टरवाचून करा," तो म्हणाला. "नीट झाला तर सोमवारी सुतार बोलावतो. आणि तुम्ही खरंच अडलात, तर मात्र विसरभोळे, आता आराम करायचं वय झालं म्हणायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आठवलं तर पुटपुटे जाणार, विसरलं तर रंगमंच जाणार. आणि काहीही झालं तरी दोन खोल्यांना कारण उरणार नव्हतं. पन्नाशी उलटलेले दोन पुरुष एकत्र का राहतात, हे लोक पहिल्यांदाच विचारणार होते.

"मी विसरतो," घरी आल्यावर विसरभोळे म्हणाले. "नाटक गेलं खड्ड्यात. वडिलांचं दुकान आहे, किल्ल्या घासू."

पुटपुटे मटार सोलत होते. ते थांबले. "सव्वीस वर्षं मी त्या खड्ड्यात बसलो ते तुझं काम बिघडू नये म्हणून," ते म्हणाले. "माझ्यासाठी एक वाक्य जरी वाईट बोललास, तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जिथे असेन तिथून बोलणार नाही." मग त्यांनी मटार पुन्हा हातात घेतले. त्या दिवशी खालच्या घड्याळांचा दंगा झाला तेव्हा दोघांपैकी कुणीच मान वर केली नाही.

रविवारी दुपारी थिएटर गच्च भरलं होतं. पुतण्या नवी वही मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. पुटपुट्यांना शेवटच्या रांगेतली एक खुर्ची मिळाली होती, खांबाच्या शेजारची. विसरभोळे विंगेत उभे राहून त्या रिकाम्या खोक्याकडे बघत होते. डाव्या खिशात गोळ्यांची डबी होती. सवयीनं घेतली होती, आता द्यायची कुणाला? पण पडदा वर गेला आणि ते आत शिरले, आणि लोक हसले. चोख काम केलं त्यांनी. जीव तुटत होता, पण एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही.

पहिल्या अंकाच्या मध्यावर बाईसाहेब थांबल्या.

बाईसाहेब म्हणजे कंपनीची नायिका. तीस वर्षांत त्यांचा एक शब्द घसरला नव्हता. दुसऱ्याचा घसरला तर त्या महिनाभर अबोला धरत. त्या खिडकीशी गेल्या, वळल्या, आणि म्हणाल्या, "वारा..." आणि गप्प. विसरभोळ्यांना वाटलं, बाईंना चक्कर येतेय. त्यांनी ओठ न हलवता वाक्य पुरवलं. बाईसाहेबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास?" त्यांनी पुन्हा पुरवलं. "ऐकू येत नाही रे," बाईसाहेब म्हणाल्या, "नीट सांगणारं कुणी नाही का या घरात?" प्रेक्षक हसायला लागले.

तेवढ्यात डॉक्टर आला. त्यानं नाडी धरली आणि तोही थांबला. विसरभोळ्यांनी त्याला वाक्य दिलं, तर तो म्हणाला, "असं काहीसं होतं खरं, पण नक्की आठवत नाही." सावकार आला आणि आपण कशाला आलो हेच विसरला. पोस्टमनचं सगळ्या नाटकात एकच वाक्य, 'तार आहे', तो तार हातात धरून म्हणाला, "हे काय आहे?" विसरभोळे एकाकडून दुसऱ्याकडे धावत होते, घाम पुसत होते, जो तो वाक्य घ्यायला नकार देत होता, आणि लोक पोट धरून हसत होते. एरवी भुवईच्या हालचालीवरून अख्ख्या प्रेक्षागृहाचं मन ओळखणारा हा माणूस, पण या वेळी त्याची ट्यूब फार उशिरा पेटली. नवा नायक, ज्याला रात्रंदिवस घोकून काम पाठ झालं होतं, तो डोळा मिचकावून म्हणाला, "मीसुद्धा विसरलो," तेव्हा कुठे विसरभोळ्यांच्या ध्यानात आलं. ते होते तिथेच उभे राहिले. त्यांना रडू यायला लागलं, आणि लोकांना तेही विनोदीच वाटलं.

पुतण्या वही घेऊन खोक्यात उतरला. त्यानं भलतंच पान उघडलं आणि ओरडून तिसऱ्या अंकातला मृत्युपत्राचा मजकूर वाचला. "अजून कुणी मेलेलं नाही," बाईसाहेब वरून म्हणाल्या. मागचा पडदासुद्धा हसला असेल. पुतण्या तांबडालाल होऊन बाहेर आला आणि वाकून वाकून शेवटच्या रांगेपाशी गेला.

"अहो पुटपुटे, चला, खोक्यात बसा," तो कुजबुजला.

पुटपुट्यांच्या चष्म्यावर हसून हसून पाणी आलं होतं. "जरा थांबा," ते म्हणाले. "एवढा प्रवेश होऊ द्या. मी हे नाटक समोरून कधी पाहिलेलं नाही."

आणि मालकांचा पुतण्या, शिस्तीचा माणूस, खांबाला टेकून थांबला.

दुसऱ्या अंकाला खोक्यातला दिवा लागला. सगळ्या कंपनीची स्मरणशक्ती एकदम ठिकाणावर आली. विसरभोळे दिवा घेऊन पुढे आले, सवयीनं खाली बघितलं, चष्म्याआडचे दोन डोळे वर बघत होते, आणि वाक्य उडालं. सोंग नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा, खरोखर. खालून तो आवाज आला, फक्त त्यांच्यासाठी: "मालकीणबाई, हा दिवा कुठे ठेवू?" त्यांनी तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा त्यांना खरंच ऐकायचं होतं.

खेळानंतर पुतण्यानं सुताराला निरोप पाठवला की येऊ नको. कारण म्हणून तो एवढंच बोलला की कंपनीला वयोमानानं विस्मरण होऊ लागलं आहे. त्याला काय कळलं आणि काय नाही, हे कुणी विचारलं नाही.

रंगपटात बाईसाहेब तोंडाचा रंग पुसत होत्या. विसरभोळे दारात जाऊन उभे राहिले.

"बाईसाहेब, तुम्हाला कधीपासून..."

"पहिल्या वर्षापासून," आरशात बघतच त्या म्हणाल्या. "अहो, जो माणूस स्वतःची छत्री रोज विसरतो, तो दुसऱ्याच्या घशाच्या गोळ्या एकदाही विसरत नाही? सव्वीस वर्षांत एकदा? नट म्हणवता स्वतःला." त्यांनी पुसायचं फडकं खाली ठेवलं. "त्या दोघांच्या ट्रंका बाहेर आल्या तेव्हा मीही पाठ फिरवून उभी होते. व्हायोलिनवाल्यानं जाताना माझ्याकडे बघितलं होतं. मला तेवढं एक विसरता येत नाही, बाकी आज बघितलंतच. जा आता, ते वाट बघत असतील."

बाहेर अजून ऊन होतं. पुटपुटे पायरीवर उभे होते, विसरभोळ्यांची छत्री हातात घेऊन. दोघं चालू लागले. कोपऱ्यावरचा फळवाला, न्हावी, तिकीटखिडकीवरची बाई, सगळ्यांनी नेहमीसारखी मान हलवली. जिना चढून झाला, दार लागलं, स्टोव्ह पेटला.

"मग?" विसरभोळ्यांनी विचारलं. "समोरून कसा दिसतो मी?"

पुटपुटे खुर्चीत बसले. घसा पार बसला होता, तरी बोलले. "सव्वीस वर्षं मी तुझे बूट बघितले. बूट, गुडघे आणि हनुवटी. त्याच्या वर एवढं सगळं आहे हे मला कुणी सांगितलंच नाही." मग ते म्हणाले, "मी पण खुर्चीसकट पडलो असतो. खांब होता म्हणून वाचलो."

विसरभोळ्यांनी कोटाच्या डाव्या खिशातून डबी काढली आणि त्यांच्या हातावर एक गोळी ठेवली. मग जरा विचार करून, दुसरी स्वतःच्या तोंडात टाकली.